राख, रिठे आणि विहिरीची पावडर

आमच्या घरात राखेला जेवढा मान होता तेवढा पाहुण्यालाही नव्हता. पाहुणा ओटीवरच बसायचा. राख मात्र थेट स्वयंपाकघरात, चुलीशेजारच्या झाकणाच्या मडक्यात राहायची. ती वस्त्रगाळ करून घेतलेली असे, आणि त्या मडक्यात आत्याशिवाय कुणी हात घातला तर घरात तमाशा होई. तांब्या-पितळेला चिंच आणि राख, लोखंडी तव्याला विटेची भुकटी, मातीच्या भांड्यांना नुसतं गरम पाणी आणि काथ्या. अंगाला आणि केसांना शिकेकाई, लुगड्यांना रिठे, गोधड्यांना राखेचं निवळलेलं पाणी. किनाऱ्यावरच्या वरोरची बाई डोक्यावर सुकट घेऊन आमच्या पाड्यापर्यंत यायची. त्या दिवशी सुकटीचं भांडं घासायला एक प्रहर जाई, कारण आत्या ते नाकाला लावून बघायची आणि वास आला की परत माझ्यापुढे टाकायची. "माशी बसली तर तुज्या ताटात बसवीन," म्हणायची. मी भित्री होते. माशीलाही भ्यायची आणि आत्यालाही.

जमनाआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिच्या सासरी पटकीची साथ आली तेव्हा तिचा नवरा आणि कडेवरचं मूल एकाच आठवड्यात गेलं. ती आमच्याकडे परत आली ती नेसत्या लुगड्यानिशी. ते लुगडंही तिनं पाड्याबाहेर ओढ्यावर जाळलं आणि आईचं नेसून घरात पाऊल टाकलं, असं आई सांगायची. त्या घरचं पाणी घाण होतं, असं तिच्या मनानं घेतलं होतं, आणि पुढचं सगळं आयुष्य तिनं त्या पाण्याशी भांडण्यात घालवलं. आमचं घर तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यावर होतं. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर कौलं, पुढे खळं, मागे गोठा. भात आणि नाचणी यांच्यावर चालणारं घर, त्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं. पण आमच्या जमिनीवर पडलेला भात उचलून खाल्ला तरी चालेल, असं शेजारची कमळीकाकू म्हणायची. वर डोळा मिचकावून हेही म्हणायची की त्या घरात मरायचं असेल तर आधी पाय धुवावे लागतात.

आई या सगळ्यात कुठे होती, असं मला माझी सून विचारते. आई होतीच की. ती भिंती सारवायची, भाकऱ्या थापायची, भात कांडायची, आणि आत्या बोलली की "हो वन्सं" म्हणायची. तिचा आवाज इतका बारीक होता की गोठ्यातून तिनं हाक मारली तर फक्त गाईलाच ऐकू जाई. नवऱ्याला ती भीत नव्हती, वाघाला भीत नव्हती, एकदा तर सरपणातून निघालेला साप तिनं चिमट्यानं धरून फेकला होता. पण नणंदेपुढे तिची मान वर होत नसे.

आत्या जुन्या वळणाची होती, पण नव्याची तिला ॲलर्जी नव्हती. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते ऐकून लोक पटकन म्हणतात, अडाणी होती बिचारी. तसं नव्हतं. दादाचं लग्न झालं आणि वहिनी बोर्डीहून आली, तेव्हा तिच्या पेटीत निळीच्या पुड्या होत्या, धुण्याच्या साबणाच्या वड्या होत्या, खडीचा सोडा होता आणि फिनेलची एक काळी बाटली होती. बोर्डीकडे शाळा, चिकूच्या वाड्या, बंगले, त्यामुळे तिकडच्या मुलींना अशा गोष्टी ठाऊक. आम्हाला वाटलं, आता घरात महाभारत होणार. आत्यानं बाटलीचं बूच काढून वास घेतला, डोळे मिटले आणि विचारलं, "यानं काय मरतं?" वहिनी म्हणाली, "जंतू मरतात, आत्या." त्या दिवसापासून मोरीत फिनेल पडू लागलं. पण म्हणून राख सुटली नाही. नवं आलं की ते जुन्याच्या बाजूला बसायचं, आत्याच्या हातून काहीच फेकलं जात नसे. एकानं घाण जाते तर दोघांनी दुप्पट जाईल, असा तिचा साधा हिशेब होता. भांड्यांच्या बाबतीत तो खराही ठरायचा.

वहिनीचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. मुलगा झाला, गोरापान, असं दादा बघून येऊन सांगत होता. बारशाला जायची आमची तयारी चालली होती. मला नवं परकर-पोलकं शिवलं होतं. आणि बारसं व्हायच्या आतच निरोप आला की मूल गेलं. का गेलं ते कुणालाच कळलं नाही. बोर्डीच्या त्या घराला समुद्राकडे खिडकी होती आणि ती उघडी असायची, एवढं मात्र सगळ्यांना कळलं. मग पाड्यावरच्या प्रत्येक बाईनं तेच वाक्य म्हटलं. वारा लागला. वहिनी परत आली ती हडकलेली, ओठ मिटलेली, आणि कुठं वाऱ्यानं दार आपटलं तरी दचकायची. मला तेव्हा वाऱ्याची भीती बसली. झाडं हलायला लागली की मी घरात पळायची.

दुसऱ्या खेपेला आत्यानं रीत मोडली. "बाळंतपण इथंच व्हायचं," ती म्हणाली. "माज्या नजरेसमोर. वारा नाय लागू देणार नि घाण नाय लागू देणार." वहिनीच्या आईनं नाराजी कळवली, पण दादा आत्याच्या बाजूनं होता. वहिनीला कुणी विचारलं नाही. ती मागच्या खोलीत, जिथं आम्ही भाताच्या कणग्या ठेवायचो, तिथं बाजेवर बसून राहायची. त्या खोलीची एकुलती खिडकी फळी ठोकून, वर चिखल-शेणानं लिंपून टाकली होती. दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या होत्या. वर कौलांखाली भिंत आणि वाशांमधली वीतभर फट तेवढी राहिली, ती उंचीवर होती म्हणून. मी तिला पेज घेऊन जायची तेव्हा ती माझा हात धरायची. "कुसुम, हे राहील ना गं?" मी तिला म्हणायची, राहील, आणि बाहेर येऊन गोठ्यात गाईच्या मानेला मिठी मारून रडायची. एवढ्या लहान मुलीला असा प्रश्न कुणी विचारू नये. पण तिला विचारायला दुसरं कोण होतं?

मुलगी झाली. सुईण म्हणाली, बाळ चांगलं आहे, आवाज दणदणीत आहे. आणि त्या आवाजानंच घराला भीती घातली. रडली तरी भीती, कारण का रडते? गप्प राहिली तरी भीती, कारण का रडत नाही? रात्रंदिवस शेगडी, ओवा-बाळंतशेपाची धुरी, दार बंद. उंबऱ्यावर कोयता आडवा ठेवलेला. बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून तो ठेवायचा आणि सुवेर, म्हणजे बाळंतपणाचा विटाळ, फिटेपर्यंत हलवायचा नाही, अशी रीत. मला दारावर बसवलं होतं. पाय धुतल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही, कोयता ओलांडताना त्याला पाय लावू द्यायचा नाही, आणि दार उघडलं की लगेच लावायचं. मी पाठ दाराला टेकून बसायची आणि आतला श्वास ऐकायची. दोन श्वास. एक मोठा, एक बारीक. बारीक ऐकू आला नाही की मी कान दाराला लावायची.

त्याच सुमारास खालच्या पाड्यावर जुलाब-वांत्यांची साथ आली. आरोग्य खात्याचा माणूस सायकलवरून आला आणि विहिरीत टाकायला पांढरी पावडर देऊन गेला. मडक्याला भोकं पाडून, वाळूत मिसळून, दोरीनं विहिरीत सोडायची. आत्यानं त्याच्याकडून आणखी एक डबाभर मागून घेतली. पटकीचं घर बघितलेली बाई ती. खालच्या पाड्यावरून रडणं ऐकू यायचं तेव्हा ती दोन्ही कान हातांनी दाबून बसायची, हे मी पाहिलं आहे. त्या पावडरीनं तिनं मोरी धुतली, ओट्याच्या कडा धुतल्या, पाण्याचा रांजण धुतला. काळे पडलेले मोरीचे दगड पांढरे निघाले. डबा उघडला की नाकात सुई टोचल्यासारखं व्हायचं. आत्या त्या वासावर खूश होती. वास जेवढा तिखट तेवढं औषध जालीम, असं ती म्हणायची. वहिनीच्या खोलीपर्यंत साथ पोचणार नाही, याची तिला पहिल्यांदा खात्री वाटली असावी.

सुवेर फिटायचा दिवस आला. त्या दिवशी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालून अंगणात, उन्हात आणतात आणि मग रिकामी खोली शेण-गोमूत्रानं सारवतात. सगळीकडे अशीच रीत. गोमूत्र गोळा करायचं काम माझं होतं. गाय उठली की तांब्या घेऊन मागे धावायचं. खोली मोठी, म्हणून ते कित्येक दिवसांचं मडक्यात साठवून ठेवलं होतं, आणि झाकण उघडलं की डोळ्यांतून पाणी यायचं. पण आत्यानं त्या दिवशी वहिनीला बाहेर आणायला नकार दिला. सकाळपासून डोंगरावरून गार वारा सुटला होता, खळ्यातल्या पेंढ्याच्या उडवीवरचा पेंढा उडत होता. "या वाऱ्यात? अजिबात नाय," ती म्हणाली. "मायलेकी बाजेवरच बसतील. मी खालून सारवून घेते." आई दाराशी उभी होती. तिनं तोंड उघडलं, मिटलं, आणि ती चुलीकडे गेली.

आत्या शेणाचं घमेलं, गोमूत्राचं मडकं आणि पावडरीचा डबा घेऊन आत गेली आणि तिनं आतून कडी लावली. मी दाराला पाठ लावून बसले. दादा तलासरीच्या बाजाराला गेला होता, बाबा शेतावर. ओटीवर कमळीकाकू आणि आणखी एक-दोन बायका आल्या होत्या, बाळाची दृष्ट काढायला. काकूनं मीठ-मिरच्या ओवाळून, माझ्या शेजारीच ठेवलेल्या शेगडीत टाकल्या. आमच्याकडे समजूत अशी की मिरच्या जळूनही ठसका लागला नाही तर नजर लागलेली होती, आणि ठसका लागला तर नजर नाही, घाबरायचं कारण नाही. बायका नाक वर करून वाट बघत होत्या. आणि आतून खोकल्याचा आवाज आला. आधी आत्याचा, मग वहिनीचा, मग बाळाचा, चिमणीएवढा.

"लागला गो ठसका!" कमळीकाकू हसली. "नजर नाय, काय नाय. पोर ठणठणीत हाय."

बायका हसल्या. मीही हसले असेन, सगळे हसतात तेव्हा भित्र्या माणसाला हसावंच लागतं. पण मला खाली, दाराच्या फटीशी, हाताला काहीतरी जाणवलं. चिंधीतून येणारी ती हवा मिरचीची नव्हती. तो विहिरीच्या पावडरीचा वास होता, पण नुसता तोही नव्हता. त्यात गोठा होता, आणि त्याहून वाईट असं काहीतरी होतं, ज्याला आजही माझ्याकडे नाव नाही. माझे डोळे जळायला लागले. मी दूर सरकले. आतून वहिनीचा आवाज आला, "आत्या, दार उघडा. श्वास घेता येत नाय मला."

"कळ काढ," आत्या खोकत म्हणाली. "वारा येल. पोरीला वारा लागल. जरा सुकू दे."

"आत्या, पोर बघा कशी करते! उघडा!"

मग आत्याचं खोकणं वाढलं. ते खोकणं थांबेना, त्यात शब्द येईनात. काहीतरी धप्पकन दारावर आदळलं, अगदी माझ्या पाठीमागे, आणि दाराला लागून खाली घसरत गेलं. आणि बाळाचं रडणं बसलं. म्हणजे आवाज आधी फाटला, मग घोगरा झाला, मग नाहीसा झाला. मी दोन श्वास ऐकायला कान लावला. मला एकही ऐकू आला नाही.

मी शूर असते तर दार ढकललं असतं. मी पळाले. "आई!" एवढंच ओरडत चुलीकडे पळाले, आणि आईच्या लुगड्याला धरून नुसती ओढत राहिले. आईनं माझ्या डोळ्यांकडे बघितलं. ते लाल झाले होते. ती उठली, दाराशी आली, तिनं वास घेतला. "वन्सं," तिनं हाक मारली, "दार उघडा." कुणी ओ दिली नाही. तिनं दार ढकललं. कडी आतून होती आणि आत्या दाराला लागून पडली होती, दार बोटभरही हललं नाही. कमळीकाकू म्हणाली, "सुईणीला हाक मारूया का? देवाला नारळ..."

आईनं वाकून उंबऱ्यावरचा कोयता उचलला. बायका एकदम ओरडल्या. सुवेर फिटायच्या आत तो कोयता उचलणं म्हणजे बाहेरच्या सगळ्या वाइटाला आत बोलावणं. "ठेव गो बाय, ठेव तो!" कमळीकाकूनं तिचा हात धरला. आईनं तो झटकला. आणि माझ्या बारीक आवाजाच्या आईनं, जन्मात कुणावर ओरडली नव्हती त्या आईनं, असा आवाज काढला की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. "बाजूला व्हा!"

ती घराच्या मागच्या बाजूला धावली. मी मागे. ती भिंत दर दिवाळीला तिनंच सारवलेली. कुठे कारवी कुजली आहे, कुठे लिंपण पातळ आहे, ते तिच्या हातांना माहीत होतं. फळी ठोकलेल्या खिडकीकडे तिनं बघितलंही नाही. बाजूला, कमरेच्या उंचीवर तिनं कोयत्याचा घाव घातला. चिखलाचे पोपडे उडाले. दुसरा, तिसरा. कारवीच्या काठ्या कडाकडा मोडल्या. ती हातांनी काठ्या ओढून काढत होती, तिच्या कोपरापर्यंत रक्त होतं, आणि भोकातून ती हवा बाहेर आली तशी तीही खोकायला लागली. पण डोंगराचा वारा पाठीमागून होता. ज्या वाऱ्याला इतके दिवस सगळं घर भीत होतं, तो आमच्या पाठीवरून त्या भोकात शिरला.

भोकातून मी आत पाहिलं. वहिनी बाजेवर उभी होती. दोन्ही हात वर करून तिनं बाळाला कौलांखालच्या त्या वीतभर फटीशी धरलं होतं. कुणी सांगितलं होतं तिला? कुणीच नाही. तिचा स्वतःचा चेहरा खाली त्या हवेत होता, डोळे मिटलेले, तोंड उघडं, पाय लटलटत होते, पण हात खाली येत नव्हते. आई ओरडली, "दे! इकडे दे!" वहिनीला ते ऐकू गेलं नाही. आई भोकातून अर्धी आत गेली, तिचा पाय धरून हलवला, तेव्हा ती वाकली आणि तिनं बाळ आईच्या हातात दिलं.

आईनं ते बाळ छातीशी धरलं नाही. दुपट्यातून सोडवलं, धावत वळसा घालून पुढच्या खळ्यात नेलं आणि मधोमध, वाऱ्याकडे तोंड करून, उघडं धरलं. त्याचे ओठ जांभळे होते. हात-पाय लोंबत होते. मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही, आणि बहुतेक काहीच फेडलंही नाही. आईनं बाळाच्या पाठीवर हात फिरवला, फिरवत राहिली, तोंडानं काहीतरी पुटपुटत. मागे बायकांनी वहिनीला बाहेर ओढलं, मग आत्याला. पेंढा उडत होता. बाळाच्या अंगावर काटा आला, मला अगदी स्पष्ट दिसला. आणि मग एक घोगरा, फाटका, कुत्र्याच्या पिल्लासारखा आवाज निघाला. तेव्हा कुठं आईनं त्याला पदरात घेतलं.

तालुक्याच्या दवाखान्यात तिघींना जीपमधून नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय काय मिसळलं होतं? आत्याला बोलताच येत नव्हतं. आईनं सांगितलं, विहिरीची पावडर आणि साठवलेलं गोमूत्र, बंद खोलीत. डॉक्टर म्हणाले की या दोन वस्तू वेगवेगळ्या ठेवा, एकत्र आल्या की त्यांचा विषारी वायू होतो, आणि खोलीला खिडकी ठेवा. आज माझ्या मसोलीच्या फ्लॅटमध्ये न्हाणीघराच्या फळीवर पाच-सहा रंगीत बाटल्या आहेत. एकीला लिंबाचा वास, एकीला मोगऱ्याचा. प्रत्येकीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, दुसऱ्या कशात मिसळू नये. मी चष्मा लावून ते वाचते. सून न्हाणीघर धुवायला घेते तेव्हा मी सगळ्या खिडक्या उघडते, पंखा लावते आणि दारात उभी राहते. ती हसते. "आई, किती घाबरता!" हो, घाबरते. मला लहानपणी फक्त दोनच गोष्टी नीट शिकवल्या गेल्या, भांडी घासणं आणि घाबरणं, आणि दोन्हींचा उपयोग झाला.

मुलीचं नाव रमिला ठेवलं. बाबांनी भिंतीचं भोक लिंपायला चिखल कालवला तेव्हा आई म्हणाली, "राहू दे." एवढंच. पुन्हा तिचा आवाज बारीक झाला होता, पण बाबांनी चिखल टाकून दिला आणि तिथं सागाची चौकट बसवली.

आत्या वाचली, पण तिचा आवाज गेला. राहिली ती नुसती कुजबुज. तिला आता ओरडता येत नव्हतं, आणि सुकटीचं भांडं कुणी कसंही घासलं तरी ती बोलत नव्हती. ती हात धुवायची. राख घेऊन, मग रिठे घेऊन, मग पुन्हा राख घेऊन, कातडी सोलवटेपर्यंत. रमिलाला तिनं हात लावला नाही. खिडकीबाहेर उभी राहून बघायची, आणि मूल तिच्याकडे बघून हसलं की बाजूला व्हायची. वहिनीही तिला बोलवत नसे. ती तोंडानं काही म्हणायची नाही, पण आत्या खोलीच्या जवळ आली की मुलीला उचलून कडेवर घ्यायची. पाणी आणायला जाताना मुलीला आईकडे द्यायची, नाहीतर माझ्याकडे, नाहीतर झोळीत बांधून विहिरीवर घेऊन जायची. मला वहिनीचा राग यायचा नाही आणि आत्याची दयाही यायची नाही. मला फक्त भीती वाटायची, की एक दिवस त्या दोघी समोरासमोर येतील आणि कुणीतरी बोलून टाकेल, की पोर आत्यामुळेच मरणार होतं.

रमिला बसायला लागली होती तेव्हाची गोष्ट. आत्या घरामागे भांडी घासत होती, हात कोपरापर्यंत राखेनं करडे झालेले. आई शेतावर होती. वहिनी रमिलाला कडेवर घेऊन बाहेर आली, दुसऱ्या हातात हंडा. मी पुढे झाले, हात पसरले. तिनं माझ्याकडे बघितलं आणि माझ्यावरून पुढे गेली. आत्यासमोर थांबली.

"आत्या, हिला घ्या. मी पाणी घेऊन येते."

आत्यानं वर बघितलं. तिच्या हातातली वाटी खाली पडली. ती गडबडीनं उठली, तांब्याचं पाणी हातांवर ओतलं, हात घासले, पुन्हा पाणी ओतलं, आणि ओल्या हातांनी पुन्हा राखेच्या मडक्याकडे वळली. पुन्हा राख, पुन्हा पाणी, पुन्हा राख. "थांब," ती कुजबुजत होती, "थांब गो, जरा थांब, हात चांगले नाय माजे, थांब." वहिनी थांबली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिला जी भीती वाटत होती ती मला हाताच्या अंतरावरून दिसत होती.

"नका धुऊ हात," वहिनी म्हणाली. "असेच घ्या."

आणि तिनं रमिलाला आत्याच्या राखेच्या हातांत दिलं. निळीत काढलेल्या पांढऱ्या झबल्यावर पाची बोटं उमटली. मुलीनं आत्याच्या कानातली कुडी धरली आणि ओढली. आत्या हलली नाही, श्वास तरी घेत होती की नाही कोण जाणे. वहिनीनं हंडा उचलला आणि विहिरीची वाट धरली. ती मागे वळेल म्हणून मी बघत राहिले. वाट वळेपर्यंत रिकामा हंडा तिच्या कमरेवर, बांगड्यांवर आपटून वाजत होता. पण ती वळली नाही.